पालोमाच्या घरची बातमी

सेन्योरांचा, म्हणजे शाळेतल्या स्पॅनिशच्या बाईंचा, घसा गेला होता, पाय गेले होते, आणि आता वर्गही जायची वेळ आली होती. तशात मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की अभिनंदन, परदेशी भाषांच्या उत्कृष्ट शिक्षकांचा सन्मान व्हायचाय आणि शेवटच्या तिघांत तुमचं नाव आहे. सेन्योरांनी आधी खुर्ची ओढली, बसल्या, पाय जरा सैल सोडले आणि मग म्हणाल्या, "बरं."

"बरं काय? आनंद नाही झाला?"

"होतोय. जरा वेळ लागतोय."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मनाने वाईट नव्हत्या, पण वरून दट्ट्या आला की तो खाली देऊन मोकळ्या व्हायच्या. त्यांनी दार लोटलं आणि मुद्द्यावर आल्या. संस्थेच्या सेक्रेटरींच्या डोक्यात काय शिजतंय ते शाळेत शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. स्पॅनिशला पोरं कमी येतात. मोबाइलवर फुकटात शिकवणारी अ‍ॅपं आहेत. मग चार टाळक्यांसाठी एक अख्खी बाई पोसायची कशाला? पुढच्या वर्षी वर्ग बंद, आणि सेन्योरांनी ग्रंथालयात बसून निवृत्तीपर्यंत पुस्तकांना कव्हरं घालायची.

"पण हा सन्मान मिळाला ना," मोठ्या बाई म्हणाल्या, "तर सेक्रेटरीसाहेबांची टाप नाही वर्गाला हात लावायची. सोमवारी समिती येईल तुमचा तास बघायला. त्यांना तुमची ती पद्धतच फार आवडलीय, आपल्या भाषेतला एक शब्द नाही, सगळं स्पॅनिशमध्ये. एवढा एक तास नीट पार पाडा, म्हणजे गंगेत घोडं न्हालं."

घरी सेन्योरांची थोरली बहीण होती. ताई. हॉस्पिटलात नर्स म्हणून जन्म काढलेली, आता निवृत्त, पण आवाज अजून वॉर्डातलाच. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गरम पाण्याचं घमेलं पायांशी आणून ठेवलं.

"मला एक सांग," ताई म्हणाल्या, "तुझ्या त्या भाषेत 'थकले' म्हणायला शब्द आहे का?"

"आहे की. कान्सादा."

"मग तो म्हणत जा ना कधीतरी. सन्मान देणाऱ्यांना म्हण."

सेन्योरा हसल्या. त्यांनी पाय पाण्यात सोडले. खरं सांगायचं तर त्यांना सन्मानाचं फारसं काही नव्हतं. शाल घ्यायची, फोटोला दात दाखवायचे, परत यायचं. पण वर्ग त्यांना हवा होता. दुसरं काही हवंसं वाटण्याएवढं त्राणही उरलं नव्हतं, आणि म्हणूनच तो एक वर्ग जाऊ नये असं त्यांना अगदी पोटातून वाटत होतं.

वर्ग म्हणजे तरी काय? जिन्याखालची खोली. पूर्वी तिथे चेंडू आणि चटया ठेवायचे, त्यामुळे रबराचा वास काही केल्या जायचा नाही. दाराशी एक झिजलेलं पायपुसणं. त्या पायपुसण्यावर सेन्योरांचं सगळं शास्त्र उभं होतं. पायपुसण्याच्या अलीकडे आपली भाषा, पलीकडे स्पॅनिश. एकदा आत पाऊल पडलं की सेन्योरांना आपल्या भाषेतलं एक अक्षर कळत नसे. पोरगं पोट धरून विव्हळत असलं तरी त्या चेहरा कोरा ठेवून बघत राहायच्या, जोवर ते पोट आणि दुखणं स्पॅनिशमध्ये आणत नाही तोवर. एकदा खिडकीच्या फटीत बोट चेमटलं तेव्हासुद्धा बाई कळवळल्या त्या स्पॅनिशमध्ये. पाचवीतली पोरं तर खरंच समजायची की या बाई बोटीतून आल्यात. हा कोरा चेहरा करायला सोपा नाही बरं का. सगळं कळत असताना काहीच न कळल्यासारखं बघायचं, आणि वर्षानुवर्षं बघायचं. नाटकवाल्यांनी येऊन शिकावं.

दुसरी गंमत अशी की आत आल्यावर प्रत्येकाला नवं नाव मिळायचं, आणि नावाबरोबर नवं घरही. आई कोण, बाप काय करतो, घरात किती हत्ती, सगळं आपल्या मनाने रचायचं. मग दर सोमवारी उभं राहून त्या घरची बातमी सांगायची. वाट्टेल तेवढं खोटं बोला, फक्त स्पॅनिशमध्ये बोला. पोरं काय, एरवी बोलतच असतात खोटं. इथे शाबासकी मिळायची म्हटल्यावर एकेकाला नुसता ऊत यायचा. एकाचा बाप पाणबुडी चालवायचा आणि दर आठवड्याला तिला नवं भोक पडायचं.

नववीतली एक मुलगी होती. पायपुसण्याच्या अलीकडे ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. शेवटचा बाक, खाली मान, गणिताच्या सरांना तर तिचा आवाजही माहीत नव्हता. पण पहिल्या दिवशी नाव निवडताना तिने खिडकीत बसलेल्या कबुतराकडे बोट दाखवलं आणि याला काय म्हणतात असं विचारलं. पालोमा, सेन्योरा म्हणाल्या. तेव्हापासून ती पालोमा. आणि ही पालोमा बोलायची. थांबत, चुकत, पण बोलायची. तिच्या रचलेल्या घरात बाप नव्हता, एक पाव भाजणारी आई होती आणि एक पांढरी मांजर होती. सुरुवातीच्या सोमवारांत आई रस्त्यावरच्या सगळ्यांना पाव वाटायची. पुढे आईचे हात थरथरायला लागले आणि भट्टी बंद झाली. मग आई खिडकीशी निजून राहायला लागली. मग मुलगीच पाव करायला लागली आणि ते करपायला लागले.

सेन्योरा दर सोमवारी म्हणायच्या, "मुय ब्येन, पालोमा." म्हणजे फार छान. आणि होतंच छान. भाजणं, करपणं, थरथरणं, अवघड अवघड शब्द पोरीने आपणहून शोधून आणले होते. सेन्योरांचा कान तेवढं टिपायचा आणि पुढच्या बाकाकडे वळायचा.

आता यात त्यांना दोष द्यावा का? द्यावा. पण शिंप्याला विचारा, तो माणसाकडे बघतो की बाहीकडे. भाषा शिकवणाऱ्यांचं तसंच होतं. पोरगं काय सांगतंय ते मागे राहतं, कसं सांगतंय तेवढं कानात शिरतं. त्या खोलीत इतकी वर्षं इतके बाप बुडाले होते, इतकी घरं जळाली होती, की बाईंनी कशाकशाचं मनाला लावून घ्यायचं?

सोमवारी समिती आली. समिती म्हणजे दोन माणसं. एक टायवाले साहेब, ज्यांना स्पॅनिशचा गंध नव्हता आणि म्हणूनच त्यांच्याकडे गुण द्यायचं काम होतं. दुसऱ्या एक निवृत्त प्राध्यापिका, बारीक चणीच्या, ज्यांनी उभा जन्म ती भाषा शिकवण्यात घालवला होता. दोघं मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसली. त्यांच्या शेजारी मोठ्या बाई, ठेवणीतली साडी नेसून.

सेन्योरांनी पायपुसण्यावर पाय पुसले आणि आत आल्या. घसा बसलेला होता, पण पोरांना हुरूप होता. पाणबुडी बुडाली, वर आली. कुणाच्या तरी आजीने वाघाशी लग्न केलं. प्राध्यापिकाबाई गालात हसत होत्या. टायवाले साहेब दुसरे हसले की हसत होते. सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं.

मग पालोमा उभी राहिली. तिने समितीकडे बघितलंच नाही. सेन्योरांकडे बघून ती स्पॅनिशमध्ये सांगायला लागली. इथे आपल्या सोयीसाठी आपल्याच भाषेत घेऊ.

"आई शनिवारी पडली. स्वयंपाकघरात. मला उचलता आली नाही. मी तिथेच उशी ठेवली. मांजर पण तिथेच झोपली. आई आता जेवत नाही. मी रात्री उठते आणि बघते की आई..."

शब्द येईना. ती थांबली. वर्गाचा नियम असा की शब्द अडला तर हाताने दाखवायचं. पालोमाने उजव्या हाताचं बोट आडवं धरलं आणि समोर हवेत, खाली, कुणाच्या तरी नाकाखाली नेल्यासारखं नेलं. आणि तिथे धरून ठेवलं. वाट बघत.

"रेस्पीरा," सेन्योरा म्हणाल्या. श्वास घेते. "मुय ब्येन, पालोमा. पुढे कोण?"

पुढचा मुलगा उठला आणि त्याच्या हत्तीची बातमी सुरू झाली. हत्तीला सर्दी झाली होती. वर्ग हसला, आणि सेन्योरा हसायला गेल्या आणि त्यांना हसता येईना. त्यांच्या डोळ्यांपुढून ते बोट हलत नव्हतं.

ते बोट त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांची स्वतःची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा दोघी बहिणी पाळीपाळीने उठायच्या आणि असंच बोट धरायच्या, आडवं, नाकाच्या अगदी जवळ, पण टेकणार नाही इतकं लांब, कारण टेकलं तर ती जागी होते. आणि मग उबदार हवा लागेपर्यंत थांबायचं. हे कुणी मनाने रचत नाही. वाघाशी लग्न रचता येतं. पाणबुडी रचता येते. हे करावं लागलेलं असतं, तेव्हाच हाताला येतं.

अरे देवा, सेन्योरांच्या मनात आलं, आणि मी तिला फार छान म्हटलं.

हत्तीवाला मुलगा बोलतच होता. मागे मोठ्या बाई खुशीत मान डोलावत होत्या. तासाचा थोडाच वेळ उरला होता. तेवढा रेटून न्यायचा, मग पोरीला बाजूला घ्यायचं, असा शहाणपणाचा विचार सेन्योरांच्या मनात आला नाही असं नाही. आला. पण त्यांनी पालोमाकडे पाहिलं. ती खाली बसली होती आणि ते बोट दुसऱ्या मुठीत घट्ट धरून होती. एवढे सोमवार पोरगी सांगत होती. आणखी किती वेळ तिला थांबवायचं?

त्यांनी हत्तीला हातानेच थांबवलं. बाकाजवळ गेल्या. आणि त्या खोलीत, पायपुसण्याच्या पलीकडे, जन्मात पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलल्या.

"बाळ, हे खरं आहे का?"

मागे टायवाल्या साहेबांचं पेन चाललं. भाषा त्यांना पहिल्यांदाच कळली होती ना. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. पण सेन्योरांचं लक्ष फक्त पोरीकडे होतं, आणि पोरीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांदेखत मिटला. पालोमा गेली आणि शेवटच्या बाकावरची, मान खाली घातलेली नववीतली मुलगी तिथे बसलेली राहिली.

"नाही, बाई," ती म्हणाली. सेन्योरा नाही, बाई. "मी मनाने सांगितलं."

झालं. हेही गेलं आणि तेही गेलं.

तास संपल्यावर प्राध्यापिकाबाईंनी सेन्योरांचा हात हातात घेतला आणि सुरेख स्पॅनिशमध्ये म्हणाल्या की शेवटी जरा गडबड झाली, पण ती पाववाली मुलगी, काय कल्पनाशक्ती आहे तिची. सेन्योरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. या बाईंना शब्द न् शब्द कळला होता. त्यांनी तो अगदी सेन्योरांसारखाच ऐकला होता. राग आला नाही सेन्योरांना. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं.

मोठ्या बाईंनी जिन्यातच गाठलं. "एक तास," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "एवढी वर्षं जमलं ते एक तास जमलं नाही तुम्हाला? मी सेक्रेटरीसाहेबांना आता काय तोंड दाखवू?"

"सांगा, कव्हरं घालायला येते म्हणून."

"तुम्हाला थट्टा सुचतेय."

"नाही हो. मला आता काहीच सुचत नाहीये," सेन्योरा म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

शाळा सुटल्यावर मुलगी मागच्या पायऱ्यांवर सापडली. घरी जायची घाई आहे आणि घरी जायची भीतीही आहे, अशी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. सेन्योरा तिच्या शेजारी टेकल्या, गुडघे कुरकुरले. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आपल्या भाषेत विचारलं की ही पोर पुन्हा मिटणार, हे एव्हाना त्यांना कळलं होतं. का, ते कळलं नव्हतं. मग त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत, सोमवारची बातमी विचारावी तसं, स्पॅनिशमध्ये विचारलं.

"ती पाववाली. तिने आज सकाळी काही खाल्लं का?"

मुलीने दप्तराचा बंद बोटाभोवती गुंडाळला. मग स्पॅनिशमध्येच म्हणाली, "पाणी. थोडं."

"डॉक्टर आला होता?"

"नाही. पाववाली म्हणते, कुणाला सांगायचं नाही. एक शब्द नाही. सांगितलं तर डॉक्टर तिला नेतील आणि मुलीला काका घेऊन जाईल. काका लांब राहतो. काका चांगला नाही." ती थांबली. "मुलीने आईची शपथ घेतलीय. मुलीने कुणाला सांगितलं नाही."

म्हणजे हे असं होतं. वर्गात सांगितलेलं सांगितल्यात धरत नव्हती ती. इथे सगळंच खोटं असतं ना, आणि या बाईंना तर आपलं काही कळतच नाही. शपथ पाळून पोरीला ज्या एका ठिकाणी बोलता येत होतं तिथे येऊन ती बोलली होती, आणि तिथल्या बाईंनी तिचे शब्द तपासले होते. सेन्योरा उठल्या.

"चल," त्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. "पाववालीचं घर मला दाखव."

वाटेत मुलीला दोन पावलं पुढे जाऊ देऊन त्यांनी ताईंना फोन लावला. ताईंनी वॉर्डातल्या आवाजात चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन येते. पत्ता दे. आणि हे बघ, तिला उठवू नका, पाणी पाजू नका."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, दोन्ही लख्ख, फक्त चुलीपाशी भिंत करपलेली. पांढरी मांजर खरी होती. ती खिडकीत बसली होती, आणि खिडकीखालच्या खाटेवर मुलीची आई होती. शनिवारनंतर कधीतरी दोघींनी मिळून तिला तिथवर आणलं असणार. बाई वाळून काटकी झाली होती. चाळिशीचीही नसेल. दारात परकं माणूस बघून तिने उठायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही.

"कोण आहे?" ती मुलीला म्हणाली. "कुणाला सांगितलंस तू?"

"कुणाला नाही, आई."

"मग या कोण?"

सेन्योरांनी बोलायला तोंड उघडलं. मी शाळेतली शिक्षिका, काळजी करू नका, असलं काहीतरी त्या म्हणणार होत्या. पण मुलीने मागे वळून त्यांच्याकडे एकदाच बघितलं. मग ती आईला म्हणाली, "या आमच्या स्पॅनिशच्या सेन्योरा. आई, यांना आपली भाषा येत नाही."

सेन्योरांनी दाराशी बघितलं. तिथे एक पायपुसणं होतं, आणि त्या केव्हाच ते ओलांडून आत आल्या होत्या. त्यांनी आपला जुना, कोरा चेहरा केला, मान जरा लववली आणि म्हणाल्या, "बुएनास तार्देस, सेन्योरा."

आईच्या खांद्यातला ताण हळूहळू उतरला. ती पुन्हा उशीवर टेकली. "येत नाही होय," ती म्हणाली. "काहीच?"

"काहीच."

"मग बसायला दे त्यांना. उभ्या किती वेळ राहतील बिचाऱ्या."

सेन्योरा स्टुलावर बसल्या. आणि ती बाई बोलायला लागली. मुलीशी बोलतेय असं दाखवून बोलली, पण बघत होती सेन्योरांच्या कोऱ्या चेहऱ्याकडे, आणि थांबेना. शनिवारी पडले तेव्हा वाटलं संपलं, म्हणाली. मरायचं काही नाही, पण हिला कुणाच्या दारात टाकू? दिरापुढे जन्मभर हात पसरला नाही, आता मुलगी द्यायची? डॉक्टरकडे गेले तर ठेवूनच घेतील, मग ही एकटी. दिवसभर ही शाळेत असते तेव्हा मी रडून घेते, ही यायच्या आत तोंड धुते. हे मुलीला माहीत नव्हतं. आता झालं.

मुलगी एकेक वाक्य सेन्योरांना स्पॅनिशमध्ये सांगत होती. रडून घेते, हेही सांगितलं. तोंड धुते, हेही. सेन्योरा आधी ऐकत होत्या आणि मग पुन्हा ऐकत होत्या. चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही, हे इतकं अवघड त्यांना त्या जिन्याखालच्या खोलीत कधीच गेलं नव्हतं.

"मी थकले गं," आई म्हणाली.

"कान्सादा," मुलगी म्हणाली.

खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ जिन्यात ताईंचा. आईने तो ऐकला. काय आहे ते तिला कळलं असावं. तिने मुलीचा हात पकडला, पण ओरडली नाही.

"विचार त्यांना," ती म्हणाली. "मला नेलं तर मी येईपर्यंत तू कुठे राहायचं? तेवढं विचार."

उत्तर सेन्योरांच्या जिभेवर होतं. पण त्यांना आपली भाषा येत नव्हती, म्हणून त्या थांबल्या. मुलगी त्यांच्याकडे वळली आणि विचारायला लागली. वाक्य लांब होतं, ती दोनदा अडखळली, एक शब्द भलताच घातला. सेन्योरांनी तो तसाच राहू दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "कोन्मीगो."

मुलीने आईकडे बघितलं.

"यांच्याकडे," ती म्हणाली.